नवीन बोर्ड गेम्सचे रिव्ह्यू आणि डिलक्स एडिशनची इच्छा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी जमून बोर्ड गेम खेळतो, पणजी-म्हापशाहूनही कोणकोण येतं, आणि नवीन गेम नीट खेळून झाला की मी त्याचा रिव्ह्यू लिहिते. तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीयत, कारण त्या विषयावर मला खरंच भरपूर बोलायचंय.

गेम बाजारात येऊन कितीतरी महिने होतात, मग तुमचा रिव्ह्यू येतो. इतका उशीर का?

दोन कारणं. जर्मनीत एसेनला दर ऑक्टोबरात स्पील नावाची मोठी जत्रा भरते, वर्षभरातले बरेच नवीन गेम तिथेच पहिल्यांदा विकायला येतात, तिथून भारतातल्या दुकानात आणि मग आमच्या टेबलावर पोचेपर्यंत शिगमो उजाडतो. हे झालं एक.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकदा खेळून गेम कळत नाही. पहिल्या डावात सगळ्यांचं अर्धं लक्ष नियमांत असतं, मजा आली की नाही हे ठरवायला डोकं मोकळंच नसतं. शिवाय माणसं बदलली की गेम बदलतो. अझूल घ्या, रंगीत फरशा लावायचा गेम. दोघांत खेळलात तर समोरच्याला कुठल्या फरशा नकोयत हे मोजून बरोबर त्याच त्याच्या गळ्यात मारता येतात, एकदम तिखट गेम होतो, चौघांत तेवढा हिशोब हातात राहत नाही आणि तोच गेम निवांत, गप्पा मारत खेळण्यासारखा वाटतो. मग "अझूल कसा आहे" याचं एकच उत्तर कसं देणार? म्हणून दोघांत, तिघांत, चौघांत, नवख्यांबरोबर आणि मुरलेल्यांबरोबर असा सगळ्यांबरोबर खेळून झाल्याशिवाय मी लिहीत नाही, मग बाकीचे आधी लिहून मोकळे झाले तरी चालेल.

रिव्ह्यूत नक्की काय काय बघता? मार्क का देत नाही?

मार्क देत नाही कारण दहापैकी आठ म्हटलं की लोक पुढचं वाचतच नाहीत. आणि आठ कोणासाठी? माझ्या मामीला जो गेम आवडेल तो आमच्यातल्या इंजिनियर पोरांना आवडेलच असं नाही.

सगळ्यात आधी बघते ते थांबणं. माझी पाळी झाल्यावर परत माझ्याकडे यायला किती वेळ जातो आणि तेवढ्यात मी काय करते, म्हणजे दुसऱ्याची चाल बघण्यात मला रस आहे की मोबाईल बाहेर निघतो. मोबाईल निघाले की त्या गेमचं कुठेतरी बिनसलंय. मग बघते शेवटच्या नंबरवर असलेल्या माणसाकडे. अर्धा तास आधीच हरलोय हे कळल्यावरसुद्धा त्याला करण्यासारखं काही उरतं का? कटान १९९५ चा, इतका गाजलेला, लाखो लोक त्याच्यामुळे या छंदात आले, पण सुरुवातीची दोन घरं चुकीच्या जागी पडली आणि फासे रुसले की तासभर नुसतं बसून राहावं लागतं हे खरंच आहे आणि ते लिहायलाच हवं, क्लासिक असला म्हणून काय झालं.

त्यानंतर नियमपुस्तिका. मधेच काही अडलं तर उत्तर पटकन सापडतं का? रंग नीट न दिसणाऱ्या माणसाला खेळता येईल का? तिकिट टू राइडच्या पत्त्यांवर रंगाबरोबर चिन्हंही छापलीयत, छोटीशी गोष्ट आहे पण त्यामुळे आमच्यातल्या एकाला कोणाला न विचारता खेळता येतं. बहुतेक रिव्ह्यूंत हे येत नाही, मी मुद्दाम लिहिते.

आणि सगळ्यात शेवटी, गेम संपल्यावर कोणी "परत लावूया का" म्हणालं का. माझ्या लेखी हाच मोठा मार्क.

अवॉर्ड मिळालेला गेम डोळे झाकून घ्यावा का?

डोळे झाकून काहीच घेऊ नका, पण स्पील देस यारेसवर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे. १९७९ पासून जर्मनीत दरवर्षी देतात, मुख्य अवॉर्ड घरात सगळ्यांनी मिळून खेळण्यासारख्या गेमला असतो आणि जरा मुरलेल्या खेळाडूंसाठी २०११ पासून केनरस्पील वेगळा. २०२४ चा स्काय टीम, २०२५ चा बॉम्ब बस्टर्स, दोन्ही एकमेकांविरुद्ध नाही तर एकत्र मिळून खेळायचे. स्काय टीम फक्त दोघांचा आहे हे लक्षात ठेवा, पाहुणे आल्यावर काढाल आणि पंचाईत होईल. अवघड गेम पाहिजे असेल तर केनरस्पीलची यादी बघा, विंगस्पॅन तिथूनच वर आला, २०१९ ला.

डिलक्स एडिशन म्हणजे नक्की काय?

तोच गेम, नियम बहुतेक तेच, पण सामान भारी. कागदी नाण्यांऐवजी धातूची किंवा पोकर चिप्ससारखी जड नाणी, साध्या ठोकळ्यांऐवजी आकार दिलेले लाकडाचे किंवा रेझिनचे तुकडे, खाचा असलेले जाड बोर्ड, आत सगळं जागच्या जागी बसवणारे ट्रे, कधीकधी कापडी नकाशा किंवा निओप्रीनची मॅट. बऱ्याचदा आधी आलेली एक्स्पान्शन्स, म्हणजे मूळ गेममध्ये भर घालणारे वेगळे विकलेले भाग, तीही त्याच बॉक्समध्ये घालतात. किंमत दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त.

मग डिलक्स घ्यावी की साधीच बरी?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं मत स्पष्ट आहे: सामान बदलल्यामुळे खेळणं सोपं किंवा स्पष्ट होत असेल तर ती डिलक्स पैसे वसूल, नुसतं टेबलावर सुंदर दिसत असेल तर नाही. आणि सुंदर गोष्टींचं मला वावडं नाही, उलट जो गेम आपण वर्षानुवर्षं खेळणार तो हातात घेतल्यावर छान वाटलाच पाहिजे. पण क्रम हा, आधी खेळ मग देखणेपण.

उदाहरणं देते म्हणजे कळेल. टेराफॉर्मिंग मार्स, २०१६ चा, मला अतिशय आवडतो, पण मूळ बॉक्समधले खेळाडूंचे बोर्ड पातळ, सपाट, गुळगुळीत, आणि त्यावर तुमचं सगळं उत्पन्न छोट्या क्यूबनी दाखवायचं. कोणाची बाही लागली, टेबल हललं, पंखा जोरात लागला, की दीड तासाचा हिशोब गेला. तिथे खाचा असलेले बोर्ड ही चैन नाही, ते पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते. अझूलमध्येही तोच प्रकार, फरशा इतक्या सुरेख, जड, हातात खुळखुळणाऱ्या, आणि त्या ठेवायच्या सपाट पुठ्ठ्यावर, मग २०२० ला क्रिस्टल मोझॅक आलं त्यात फरशा जागेवर धरणारी पारदर्शक झाकणं मिळाली.

तिकिट टू राइडच्या अमेरिकेच्या नकाशाच्या मूळ बॉक्समध्ये पत्ते अगदी लहान होते. २००६ च्या यूएसए १९१० एक्स्पान्शनमध्ये मोठे पत्ते दिले. बस, तेवढंच. आमच्यात साठी ओलांडलेले दोन खेळाडू आहेत, मोठे पत्ते आल्यापासून ते जास्त खेळतात. याला कोणी डिलक्स म्हणणार नाही पण माझ्या मते खरी डिलक्स हीच.

ब्रास बर्मिंगहॅमच्या डिलक्समधल्या आयर्न क्लेज चिप्स, म्हणजे पोकर चिप्ससारखी जड नाणी, त्याही त्यातल्याच, त्या गेममध्ये पैसा सतत इकडून तिकडे होतो आणि कोणी किती खर्च केले त्यावर पुढच्या पाळीचा क्रम ठरतो, त्यामुळे चिप्सचे ढीग समोर दिसणं कामाचं आहे. कासल्स ऑफ बर्गंडी २०११ चा, गेम अप्रतिम पण टाइल्स पातळ आणि दोन हिरव्या रंगांत गोंधळ व्हायचा, इतकी वर्षं लोक चांगल्या एडिशनची वाट बघत होते, शेवटी २०२२ मध्ये अवेकन रेल्म्स कंपनीनं गेमफाउंड या क्राउडफंडिंगच्या साइटवर स्पेशल एडिशन काढली. त्यातल्या टाइल्स आणि बोर्डांसाठी मी मनापासून टाळ्या वाजवीन, किल्ल्यांच्या मूर्ती मात्र नसत्या तरी चाललं असतं, त्यांच्याखाली काय छापलंय ते बघायला मान वाकडी करावी लागते.

मिनिएचर्स, म्हणजे छोट्या मूर्ती, इतक्यांना आवडतात, तुम्हाला का नाही?

आवडतात. पण त्यांनी बॉक्स फुगतो, किंमत फुगते आणि टेबल संपतं. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी चार माणसांचं जेवणाचं टेबल आहे, त्यावर मांडता येत नसेल तर तो गेम कपाटातच राहणार.

गोव्याच्या हवेत हे सामान टिकतं का?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. परदेशातले रिव्ह्यू बघून आपण डिलक्स घेतो, पण ते रिव्ह्यू करणारे कोरड्या हवेत राहतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते. पुठ्ठा हवेतलं पाणी ओढतो आणि दोन्ही बाजूंनी सारखं ओढत नाही, एका बाजूला छपाईचा चकचकीत थर असतो आणि दुसरीकडे नसतो, म्हणून बोर्ड वाकतात. आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त वाकतात ते डिलक्समधले खाचांचे दोन थरांचे बोर्ड, कारण दोन पुठ्ठे एकमेकांना चिकटवलेले असतात आणि दोघांचं फुगणं वेगळं. म्हणजे जे घ्या म्हणून मी वर सांगितलं त्यालाच इथे सांभाळावं लागतं. प्लॅस्टिकचं झाकण मिळत असेल तर आपल्यासाठी ते बरं.

गोव्यात टिकणाऱ्या सामानाचा माझा क्रम सांगते. रेझिन आणि जाड प्लॅस्टिक पहिलं, अझूलच्या फरशांना पावसाचं काही वाटत नाही. मग कापड. पॅक्स पामीरच्या २०१९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये कापडी नकाशा आणि रेझिनचे ठोकळे आहेत, वाकायला काही नाहीच, चुरगळला तर हलकी इस्त्री. मग लाकूड, रंगवलेलं असलं तर चांगलंच टिकतं, फक्त ओल्या हवेत बॉक्स महिनोनमहिने बंद ठेवू नका. धातूची नाणी समुद्राजवळच्या घरात मुलामा टिकवतीलच याची खात्री नाही, स्वस्तातली लवकर काळवंडतात. शेवटचा नंबर पुठ्ठ्याच्या उभ्या मांडणीचा, एव्हरडेलमधलं ते पुठ्ठ्याचं झाड दिसायला गोड पण दर वेळी जोडायचं, काढायचं, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या खाचा सैल होतात.

उपाय काय, तर निळी सिलिका जेल आणा, ती ओल धरली की गुलाबी होते, मग ओव्हनमध्ये सव्वाशे डिग्रीच्या आत तापवली की परत निळी. बॉक्स भिंतीला टेकवून ठेवू नका, लोखंडी कपाटापेक्षा हवा खेळणारी फळी बरी. वाकलेला बोर्ड उन्हात अजिबात टाकू नका, रंग उडतो आणि उलट्या बाजूला वाकतो, कोरड्या दिवशी जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. पत्त्यांना स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटं, घालायच्या असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घाला, भर पावसात घातल्या तर ओल आतच राहते. आणि साइझ मोजून घ्या, नेहमीचे पत्ते ६३ बाय ८८ मिलिमीटर असतात पण विंगस्पॅनचे ५७ बाय ८७ आहेत, नेहमीच्या स्लीव्हमध्ये ते डुगडुगतात.

खेळताना खायला देता का?

देतो, पण बन्स आणि मिरची भजी वेगळ्या टेबलावर, हात धुऊन मगच पत्त्यांना हात. यावर चर्चा नाही.

क्राउडफंडिंगवर पैसे लावावेत का?

किकस्टार्टर २००९ ला सुरू झालं आणि आज बहुतेक डिलक्स एडिशन्स तिथून किंवा गेमफाउंडवरून येतात. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, तुम्ही दुकानातून वस्तू घेत नाही आहात, अजून न बनलेल्या वस्तूसाठी पैसे देताय. फ्रॉस्टहेवन या गेमनं किकस्टार्टरवर २०२० मध्ये जवळपास १ कोटी ३० लाख डॉलर गोळा केले, इतका मोठा आणि भरवशाचा प्रोजेक्ट, तरी २०२१ च्या मार्चचा अंदाज होता आणि बॉक्स लोकांच्या हातात पडायला २०२२ संपत आलं, कारण मधे कोविड आणि कंटेनरची भाडी आभाळाला भिडली. त्यात कोणी फसवलं नाही, गेमही उत्तम आहे, पण वाट बघायची तयारी लागते.

माझा नियम असा की मूळ गेम आधी खेळलेला असेल तरच त्याच्या डिलक्सला पैसे लावायचे. नवाकोरा गेम, कोणी खेळलेला नाही, आणि पानभर मूर्तींचे फोटो, नियमांची पीडीएफ मात्र नाही, असं असेल तर मी पुढे जाते. नियम वाचायला मिळत असतील तर आधी ते वाचा, फोटो नंतर.

परदेशातून मागवलं तर किती महाग पडतं?

खेळण्यांवरची बेसिक कस्टम्स ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. बोर्ड गेम कस्टम्सच्या यादीत खेळण्यांच्या ९५०३ मध्ये नाही, ९५०४ मध्ये येतात, त्यामुळे पार्सलवर पाठवणाऱ्यानं नुसतं "खेळणं" असं लिहिलं तर डोकेदुखी होऊ शकते, त्याला आधीच सांगून ठेवा. आणि ड्युटी वस्तूच्या किमतीवरच नाही, वाहतुकीचा खर्च धरून लागते. म्हणजे ग्लूमहेवनसारखा दहा किलोच्या आसपासचा बॉक्स मागवला तर वजनाचे पैसे एकदा कुरियरला आणि त्यावर परत टॅक्स. ग्लूमहेवनची चव बघायची असेल तर जॉज ऑफ द लायन घ्या, २०२० चा, लहान बॉक्स, नकाशे सरळ पुस्तकात छापलेले, पान उघडा आणि त्याच्यावरच खेळा. मोठ्या गेमचा धाकटा भाऊ मूळ बॉक्सपेक्षा शहाणा निघाला त्याचं मला दिसलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण.

गोवा नावाचा बोर्ड गेम खरंच आहे?

आहे आणि फार चांगला आहे! २००४ साली जर्मनीच्या हान्स इम ग्लुक कंपनीनं काढला, डिझायनर रुडिगर डॉर्न, दोन ते चार खेळाडू, इंग्रजीत रिओ ग्रांदेनं आणला आणि २०१२ मध्ये झेड-मॅननं परत छापला. सोळाव्या शतकातल्या मसाल्याच्या व्यापारावर आहे, मिरी, दालचिनी, आलं, जायफळ, लवंग. आम्ही जिथे खेळतो तिथून सावई-वेऱ्याची कुळागरं जवळच, मिरीचे वेल पोफळीवर चढलेले, जायफळाची झाडं, आणि टेबलावर तेच मसाले, हे सुख दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला मिळालेलं नाही.

गेमचा जीव लिलावात आहे. पाच बाय पाच टाइल्स मांडायच्या, पहिला खेळाडू आपली खूण ठेवतो, पुढच्यानं आधीच्याच्या शेजारीच ठेवायची, मग एकेक टाइलचा लिलाव. आता खरी गोम ऐका. तुमच्या खुणेची टाइल दुसऱ्यानं घेतली तर पैसे तुम्हाला, पण तुम्हीच घेतलीत तर पैसे बँकेत. म्हणजे हवी असलेली टाइल उघड दाखवली तर समोरचा भाव चढवणार, नको असलेलीवर खूण ठेवून पैसे कमवायला जाल तर ती गळ्यात पडू शकते. लिलाव झाले की प्रत्येकाला तीन चाली, त्यात जहाजं बांधायची, मसाला पिकवायचा, कर गोळा करायचा, वसाहती उभारायच्या आणि आपल्या बोर्डावरच्या पाच रांगा वर चढवत न्यायच्या. एकाच रांगेत पळालात तर बाकीचं अडतं. वीस वर्षं उलटली तरी यात मला कुठे सैल जागा दिसत नाही.

त्याच्या डिलक्स एडिशनमध्ये तुम्हाला काय हवंय?

मनात पूर्ण बॉक्स तयार आहे. आत्ताचे मसाले रंगावरून ओळखायच्या लाकडी पिशव्या आहेत, मला प्रत्येक मसाला वेगळ्या आकाराचा हवाय, लवंगेला तिचं डोकं, दालचिनीची गुंडाळी, आल्याची फांद्या फुटलेली गाठ, जायफळ गोल, आणि मिरीचा छोटा घोस. रंग न दिसणाऱ्यालाही हातानं चाचपून कळेल. पाच रांगांचा बोर्ड खाचांचा, पण पुठ्ठ्याचा नको, वर सांगितलं तसं प्लॅस्टिकचं झाकण. टाइल्स मांडायला कापडी नकाशा, मांडवी नदी आणि बंदर दाखवणारा. लिलावासाठी जड नाणी, बोली लावताना हातात वजन पाहिजे.

चित्रं गोव्यातल्या चित्रकारांनी काढावीत. आणि एक गोष्ट सामानापेक्षाही जास्त हवीय. या गेममध्ये आपण पोर्तुगीज व्यापारी असतो, मसाला पिकवणाऱ्या माणसाला काही भूमिका नाही. १५१० ला अल्बुकर्कनं गोवा घेतलं, पुढे तिसवाडी-साष्टीतली देवळं मोडली, देव नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला आणावे लागले, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, हे सगळं त्याच शतकातलं. २००४ च्या जर्मन डिझायनरनं हे सांगायलाच हवं होतं असं नाही, पण नवीन एडिशन येईल तेव्हा पुस्तिकेत चार पानं तरी या इतिहासाला द्यावीत, आणि शक्य असेल तर कुळागरवाल्यांच्या बाजूनं खेळायचं एक छोटं एक्स्पान्शन. इतिहासाकडे डोळे उघडे ठेवूनही खेळाची मजा घेता येते, जॉन कंपनी या गेमच्या २०२२ च्या दुसऱ्या एडिशननं ईस्ट इंडिया कंपनीबद्दल ते करून दाखवलंय.

नियम मराठी आणि कोंकणीत असले तर काय हवं!

अझूलचा गोव्याशी काय संबंध?

गेमची गोष्ट पोर्तुगालच्या पहिल्या मान्युएल राजाची आहे, एव्होराच्या महालाला निळ्या फरशा लावायच्या, आणि याच राजाच्या काळात गोवा पोर्तुगिजांकडे गेलं. त्या फरशा बघायच्या तर लांब जायला नको, पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाच्या दालनात भिंतीभर निळं-पांढरं चित्रण आहे. नवीन माणसाला अझूल शिकवायच्या आधी मी तिथे नेते. बघून आलेला माणूस फरशा वेगळ्या हातानं लावतो.

डिलक्स हे परदेशी फॅड नाही का?

नाही. पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडीला जा आणि गंजिफा बघा. गोल पत्ते, दशावतारी संचात १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्याची खळ देऊन थर तयार करायचे, हातानं रंगवायचे, वर लाखेचा थर. गंजिफांत दरबार कलम आणि बाजार कलम असे दोन दर्जे होतेच, दरबारासाठी नाजूक, भारी काम आणि बाजारासाठी साधं, स्वस्त. खेळ दोन्हीत तोच. आणि लाखेमुळे पत्त्यांना दमट हवेतही आधार मिळतो, म्हणजे देखणेपण आणि उपयोग एकाच थरात. कुठल्याही डिलक्स एडिशनकडून मला एवढंच हवं असतं.

आज कोणी दशावतारी गंजिफांचा खेळायचा संच काढला, सोबत मराठीत नीट लिहिलेले नियम, आणि परवडणारी बाजार कलम आवृत्तीही, तर मी दोन्ही घेईन. सध्या ते बहुतेक शोभेसाठी विकत घेतले जातात, खेळणारे फार थोडे उरलेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतीय गेम्सचे रिव्ह्यू करता का?

करतो, त्याच कडक नजरेनं. झैन मेमनचा शासन २०१९ ला किकस्टार्टरवर आला, निवडणुकीवरचा, प्रश्नांची उत्तरं देऊन मतदार मिळवायचे, सामान परदेशी डिलक्सच्या तोडीचं आणि वादावादी टेबलावर हमखास. भारतावरचे परदेशी गेमही बघतो, जयपूर २००९ चा, दोघांचा, अर्ध्या तासाचा, बसमध्ये सोडून कुठेही खेळता येतो.

मराठीत खेळता येतील असे गेम कुठले? चवथीला घरी वीस माणसं असतात.

डिक्सिटमध्ये पत्त्यांवर फक्त चित्रं असतात, भाषा तुमची. जस्ट वन सात जणांपर्यंत, प्रत्येकानं एक शब्द सूचना म्हणून लिहायचा आणि दोघांचा सारखा आला तर दोन्ही बाद, मराठीत लिहिला तरी काही बिघडत नाही, फक्त मूळ शब्द मराठीतले करून घ्या. कोडनेम्सला पंचवीस शब्द मांडायचे असतात, आम्ही कोऱ्या पुठ्ठ्यांवर आपले शब्द लिहिलेत, माटोळी, पदर, पोफळ, होडी, जागर, तिठा, आणि दोन टीममध्ये कितीही माणसं बसतात. आरत्या झाल्या की आजीपासून नातवंडांपर्यंत सगळी येतात. पोरांना वाटतं आपण जिंकणार, पण जुन्या म्हणी माहीत असलेली आजी एका शब्दात तीन पत्ते सांगून जाते. आमचा शब्दसंच हवा असेल तर रविवारी या आणि उतरवून घ्या.

कंपनीकडून फुकट कॉपी आली तर?

आली तर रिव्ह्यूच्या पहिल्या ओळीत तसं लिहिते. कौतुक करीन असं कोणाला कबूल करत नाही, आणि छापायच्या आधी कंपनीला वाचायला देत नाही.

डिलक्स घेतली, आता जुन्या साध्या कॉपीचं काय करू?

पत्ते मोजा, हरवलेलं काय ते चिठ्ठीवर लिहून बॉक्समध्ये ठेवा आणि शाळेला किंवा गावच्या वाचनालयाला द्या, त्याआधी तिथे कोणीतरी नियम शिकवायला बसणार आहे का ते विचारा. नियम शिकवणारं माणूस नसेल तर बॉक्स तसाच पडून राहतो, मग मला सांगा, फोंड्याच्या आसपास असेल तर आमच्यातलं कोणीतरी दोन शनिवार जाऊन बसेल.